बहात्तर वर्षांचा पीटर पार्कर : ‘स्पायडर-मॅन : लाइफ स्टोरी’ या खंडाचे परीक्षण

‘स्पायडर-मॅन : लाइफ स्टोरी’ ही मालिका मार्व्हल कॉमिक्सने २०१९ साली सहा अंकांत प्रकाशित केली आणि पुढे ते सहाही अंक एका खंडात बांधून वाचकांच्या हाती दिले. लेखन चिप झ्डार्स्की यांचे आहे आणि चित्रे मार्क बॅगली यांची. हा खंड मी नाशिकमध्ये मागवून घेतला, सलग वाचला, नंतर एकेक प्रकरण सावकाश पुन्हा वाचले आणि घरातल्या तरुण वाचकांनाही वाचायला दिला. त्यामागची कल्पना थोडक्यात सांगता येते. १९६२ साली पंधरा वर्षांचा असलेला पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन, आपल्यासारखाच दरवर्षी एका वर्षाने मोठा होत गेला असता, तर त्याचे आयुष्य कसे गेले असते, याची ही गोष्ट आहे. प्रत्येक प्रकरणाला एक दशक दिलेले आहे. पहिले साठच्या दशकात घडते, सहावे २०१० नंतरच्या दशकात, आणि तिथवर पोहोचेपर्यंत आपला नायक सत्तरी ओलांडून गेलेला असतो.

ही कल्पना इतकी सरळ आहे की ती कोणाला आधी कशी सुचली नाही असे वाटावे. तिचे मोल समजण्यासाठी मूळ मालिकेत काळ कसा चालतो हे पाहावे लागते. ऑगस्ट १९६२ च्या अंकात पीटर पहिल्यांदा वाचकांना भेटला तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. १९६५ साली त्याची शाळा संपली आणि त्याच वर्षी त्याने महाविद्यालयात नाव घातले. म्हणजे सुरुवातीची तीन वर्षे कथेतला काळ आणि बाहेरचा काळ जवळजवळ हातात हात घालून चालत होते, आणि त्या काळच्या वाचकाला आपण आणि पीटर बरोबरीने मोठे होत आहोत असे वाटले असेल तर त्यात नवल नाही. मग वेग मंदावला. पदवी मिळायला १९७८ साल उजाडले. १९८७ साली प्रेयसी मेरी जेनशी त्याचे लग्न झाले, आणि २००७ साली एका सैतानी सौद्याच्या आधारे ते लग्न झालेच नव्हते असे ठरवण्यात आले. विवाहित पीटर वाचकाला वयस्कर वाटतो, ही संपादकांची अडचण त्या निर्णयामागे होती. पंचेचाळीस वर्षांच्या प्रवासानंतर नायकाला पुन्हा एकटा आणि तरुण करून ठेवण्यात आले.

नाशिकच्या माणसाला वर्षे मोजायला सिंहस्थ पुरतो. ‘ऐंशीच्या सिंहस्थात तू केवढा होतास’ असे विचारले की आमच्या घरांत वयाचा हिशेब लागतो. जो मुलगा १९८० साली वडिलांच्या खांद्यावर बसून रामकुंडावरची गर्दी पाहत होता, त्याने १९९१ चा सिंहस्थ परीक्षांच्या नाही तर नोकरीच्या धावपळीत पाहिला, २००३ चा स्वतःच्या मुलाचा हात धरून आणि २०१५ चा पन्नाशीकडे झुकताना. कॉमिक्सच्या वाचकांनी बांधलेला एक ढोबळ ठोकताळा असा आहे की आपल्याकडची चार वर्षे गेली की मार्व्हलच्या विश्वात साधारण एक वर्ष जाते. त्या हिशेबाने दोन सिंहस्थांमधल्या बारा वर्षांत पीटर तीनच वर्षांनी मोठा होतो, आणि १९८० पासून २०१५ पर्यंतच्या सगळ्या काळात त्याचे वय जेमतेम नऊ वर्षांनी वाढते. म्हणूनच १९६२ साली पंधरा वर्षांचा असलेला हा मुलगा आजही तिशीच्या अलीकडेपलीकडेच घोटाळत असतो.

याला सरकता काळ म्हणता येईल. कथेचा आरंभ कायम ‘आजपासून काही वर्षांपूर्वी’ असा धरला जातो आणि ‘आज’ पुढे गेला की आरंभही त्याच्यामागून पुढे सरकतो. यामागे व्यवहार आहे हे उघड आहे. हे नायक लेखकांच्या मालकीचे नसून कंपनीच्या मालकीचे आहेत. त्यांच्या नावावर खेळणी, कपडे आणि चित्रपट विकले जातात. आणि एके काळी संपादक असे धरूनच चालत की कॉमिक्सचा बालवाचक चार-पाच वर्षांत मोठा होऊन निघून जातो, त्याच्या जागी नवा येतो, मग त्या नव्याला जुना इतिहास हवाच कशाला? पण व्यवहारापलीकडेही एक कारण आहे, आणि ते उंबेर्तो एको या इटालियन विचारवंताने १९६२ सालीच, म्हणजे पीटर पार्कर वाचकांना पहिल्यांदा भेटला त्याच वर्षी, सुपरमॅनविषयी लिहिताना दाखवून दिले होते. नायक जे काही करतो ते केल्याने तो थोडा थोडा खर्ची पडतो, प्रत्येक कृती त्याला मरणाच्या एक पाऊल जवळ नेते. म्हणून ज्याला दर महिन्याला परत यायचे आहे त्याच्या कथांमध्ये काल काय घडले हे धूसरच ठेवावे लागते. ‘लाइफ स्टोरी’ने हा धूसरपणा पुसून टाकला आहे आणि नायकाला खरोखर खर्ची पडू दिले आहे. माझ्या मते या खंडाचे सर्वांत मोठे यश तेच आहे.

सरकत्या काळाने नायकाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या वाचतात, पण त्याच्या हातून इतिहास निसटतो. आयर्न मॅनचे उदाहरण घ्या. मार्च १९६३ च्या अंकात टोनी स्टार्क व्हिएतनाममध्ये जखमी होतो आणि जीव वाचवण्यासाठी चिलखत घडवतो. त्या कथेला १९६३ साली एक ताजा संदर्भ होता. वर्षे लोटली तसे व्हिएतनाममध्ये गेलेला स्टार्क म्हातारा ठरू लागला, म्हणून ती जखम पुढे अफगाणिस्तानात नेण्यात आली, आणि २०१९ साली तर मार्व्हलने अशा सगळ्या नायकांच्या सोयीसाठी एका काल्पनिक देशातले काल्पनिक युद्धच नेमून टाकले, जेणेकरून ते हवे तेव्हा पुढे सरकवता यावे. पीटरचा वर्गमित्र फ्लॅश थॉम्पसन जुन्या अंकांत व्हिएतनामहून परतला होता. २००८ च्या अंकात त्याच फ्लॅशने इराकमध्ये पाय गमावले. ज्या युद्धाने अमेरिकेतल्या एका पिढीची घरे आतून दुभंगली, ते युद्ध कपडे बदलावेत तसे बदलले गेले.

काही नायकांचा इतिहास मात्र असा हलवता येत नाही. ‘एक्स-मेन’च्या कथांमधला मॅग्नेटो हा नाझींच्या छळछावणीतून वाचलेला ज्यू मुलगा आहे. १९८१ साली ही गोष्ट कथेत आली आणि तेव्हापासून त्याच्या रागाला, अविश्वासाला आणि त्याच्या सगळ्या चुकांना एक मूळ मिळाले. ते मूळ उपटून दुसऱ्या कुठल्या युद्धात लावणे कोणत्याही लेखकाला शोभणार नाही आणि सुदैवाने मुख्य कथेत तसे कोणी केलेले नाही. पण मग १९४०च्या दशकात किशोरवयीन असलेला माणूस आज शंभरीच्या आसपास असायला हवा. योगायोगाने १९७४ च्या एका कथेत मॅग्नेटोला तान्हे बाळ करून टाकलेले होते आणि १९७७ साली त्याला पुन्हा ऐन उमेदीतला पुरुष केले गेले होते. त्या वेळी निव्वळ करमणुकीसाठी केलेली ही करामत पुढे त्याच्या वयाचा आधार होऊन बसली. कॅप्टन अमेरिकाची गोष्ट याच्याही पुढची आहे. तो १९४१ चा सैनिक. मार्च १९६४ च्या अंकात तो बर्फात सापडला तेव्हा त्याची झोप सुमारे वीस वर्षांची होती. सरकत्या काळात त्याच्या जन्माचे वर्ष स्थिर राहिले, पण जाग येण्याचे वर्ष दरवर्षी पुढे जात राहिले, आणि झोप लांबत लांबत साठ वर्षांच्याही वर गेली. आजच्या मुख्य कथेतल्या कॅप्टन अमेरिकाने व्हिएतनाम पाहिलेलेच नाही. तो त्या काळात झोपलेला होता.

झ्डार्स्की यांनी पहिले प्रकरण नेमके याच जागी उघडले आहे. साल १९६६, पीटर एकोणीस वर्षांचा, सैन्यात जाण्याच्या वयाचा. फ्लॅश युद्धावर निघतो आणि पीटर मागे राहतो. ज्याच्या अंगात दहा-वीस माणसांचे बळ आहे, ज्याने काकांच्या मृत्यूनंतर जबाबदारीचे व्रत घेतले आहे, त्याने आपल्या वयाची मुले मरायला जात असताना न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चोर पकडत बसावे काय? आणि गेलाच तर तो कोणाला मारायला जाणार? कॅप्टन अमेरिका इथे १९६४ सालीच जागा झालेला आहे, त्यामुळे त्यालाही या प्रश्नापासून झोपेत लपता येत नाही. त्याने शोधलेले उत्तर मी इथे सांगत नाही, कारण ते वाचकाने स्वतः गाठावे असे आहे. एवढेच सांगतो की मूळ मालिकेच्या इतक्या वर्षांत या पात्राच्या देशभक्तीची इतकी कठोर परीक्षा क्वचितच कोणी घेतली असेल. लेखकाने यासाठी फार काही नवे रचलेले नाही. जी पात्रे होती, जी वर्षे होती, ती एकमेकांसमोर उभी केली, आणि पन्नास वर्षे टाळलेला प्रसंग आपोआप घडला.

सरकत्या काळाचा दुसरा भार मुलांवर पडतो, आणि याविषयी कॉमिक्सचे चाहतेसुद्धा पुरेसे बोलत नाहीत. ययातीने आपले म्हातारपण पुरूला दिले आणि त्याचे तारुण्य घेतले, ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. सुपरहिरोंच्या विश्वात हा व्यवहार उलटसुलट रूपांत सतत चालू असतो. ‘फँटॅस्टिक फोर’ या नायकांच्या चमूतले रीड आणि स्यू रिचर्ड्स यांचा मुलगा फ्रँकलिन १९६८ साली जन्मला आणि चाळीस वर्षांनंतरही शाळकरी पोरच होता, कारण तो तरुण झाला असता तर आईबापांना प्रौढ व्हावे लागले असते. पीटर आणि मेरी जेनची मुलगी १९९६ साली जन्मतःच मृत असल्याचे सांगून कथेतून काढून टाकण्यात आली. ती मोठी झालेली पाहायची तर वाचकाला १९९८ पासून एका वेगळ्या पर्यायी विश्वातल्या मालिकेकडे वळावे लागले. तिकडे मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी हिच्या विश्वात १९४० साली सर्कशीतला पोरगा म्हणून आलेला आणि बॅटमॅनचा साथीदार रॉबिन झालेला डिक ग्रेसन १९६९ साली महाविद्यालयात गेला, १९८४ साली नाइटविंग या स्वतंत्र नावाने उभा राहिला, आणि त्याच्यामागून आणखी रॉबिन येत गेले, पण बॅटमॅन मात्र होता त्याच वयाचा राहिला. २००६ साली दहा वर्षांचा असलेला त्याचा मुलगा डेमियन २०१६ साली तेरा वर्षांचा झाला. २०११ साली डीसीने सगळा इतिहास नव्याने मांडला आणि नायकांची कारकीर्द पाचच वर्षांची ठरवली, तेव्हा त्या पाच वर्षांत इतके रॉबिन आणि दहा वर्षांचा मुलगा बसवायचे कसे, हा प्रश्न वाचकांनी रास्तपणे विचारला. सुपरमॅनचा मुलगा जॉन याच्या वाट्याला नेमके उलटे आले. २०१९ साली दहा-अकरा वर्षांच्या जॉनला कथेतल्या एका युक्तीने एकदम सतरा वर्षांचा करण्यात आले आणि आईबापांच्या हातून त्याचे बालपण हिरावले गेले. कोणाचे मूल वाढत नाही, कोणाचे एका रात्रीत वाढते, आणि दोन्हींकडे बाप तरुणच राहतो.

या पार्श्वभूमीवर तिसरे प्रकरण वाचले की ते अधिक भिडते. ऐंशीच्या दशकातला पीटर इथे चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. घरात मेरी जेन आहे, मुले आहेत, म्हातारपणाने खचत चाललेली मे काकू आहे, आणि त्याच वेळी १९८४ च्या त्या प्रसिद्ध आंतरग्रही लढाईतून तो काळा पोशाख घेऊन परत आलेला आहे. तो पोशाख त्याला तरुणपणीचे बळ परत देतो. मूळ कथेत पीटर मुळातच तरुण असल्याने त्या पोशाखाचा मोह केवळ ताकदीचा होता. इथे तो वयाचा मोह झाला आहे. गुडघे कुरकुरू लागलेल्या, रात्री उशिरा घरी येणाऱ्या आणि घरातल्यांच्या नजरा चुकवणाऱ्या माणसाला तो पोशाख का सोडवत नाही, हे मेरी जेनच्या एका संतापाच्या प्रसंगातून लेखकाने फार नेमके दाखवले आहे. सगळ्या खंडातले हे माझे सर्वांत आवडते प्रकरण आहे आणि यातले घर मला कोणत्याही लढाईपेक्षा खरे वाटले.

चित्रांची जबाबदारी बॅगली यांच्याकडे असणे ही या प्रकल्पाची मोठी जमेची बाजू आहे. त्यांनी नव्वदच्या दशकात मुख्य मालिका रेखाटली होती आणि २००० साली सुरू झालेल्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’चे सलग १११ अंक काढले होते, त्यामुळे पोरसवदा पीटरचा अंगलोट त्यांच्या हाताला पुरता बसलेला आहे. तोच हात इथे त्या शरीराला हळूहळू थकवत नेतो. प्रत्येक दशकात खांद्यांची ठेवण थोडी बदलते, कंबर रुंदावते, केस विरळ आणि पांढरे होतात, आणि उडी मारल्यावर उतरण्याची ढब पूर्वीची राहत नाही. मुखवटा घातलेला असतानाही हा माणूस कोणत्या वयाचा आहे हे उभे राहण्याच्या पद्धतीवरून कळते, आणि हे साधणे सोपे नाही. मेरी जेनच्या बाबतीतही त्यांनी तेवढीच काळजी घेतली आहे; कॉमिक्समधल्या स्त्रियांना वय येऊच न देण्याची जी जुनी खोड आहे तिला त्यांनी इथे थारा दिलेला नाही. रंग आणि पार्श्वभूमी दशकानुसार आणखी वेगळी करता आली असती. सहाही प्रकरणांची पाने एकाच पद्धतीने रंगवल्यामुळे साठच्या दशकाला साठच्या दशकाचा पोत मिळत नाही, ही उणीव मला जाणवली.

लेखनातही उणिवा आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. एका दशकाला एकच प्रकरण दिल्यामुळे गर्दी फार होते. नव्वदच्या दशकाचे प्रकरण मुख्यतः पीटर आणि त्याचा क्लोन यांच्यातल्या जुन्या वादाभोवती फिरते. मूळ मालिकेत क्लोनची पहिली कथा १९७५ ची आणि दुसरी, बरीच लांबलेली, १९९४ ते १९९६ मधली. ज्याने त्या दोन्ही वाचलेल्या आहेत त्याला झ्डार्स्की यांनी त्या कशा सांधल्या हे पाहताना आनंद होतो, पण जो नव्याने आला आहे त्याला या प्रकरणात कोणाचे दुःख कोणामुळे आहे हे समजायला दोनदा वाचावे लागते. पाचव्या प्रकरणात २००६ च्या सुपरहिरोंमधल्या यादवीची आठवण येते आणि साठीकडे निघालेल्या पीटरला तिच्यात ओढले जाते. तिथे राजकारण आणि पाठलाग यांच्या रेट्यात बाप आणि मुले यांच्या नात्याला मिळायला हवी तेवढी पाने मिळालेली नाहीत. या मुलांना वाढू दिले म्हणून मी या खंडाचे इतके कौतुक करतो आहे, म्हणूनच ती तरुण झाल्यावर बोलताना अधिक दिसावीत अशी माझी अपेक्षा होती. सहाऐवजी बारा अंक मिळाले असते तर हे पुस्तक कुठल्या कुठे गेले असते.

माझी भाची अकरावीत आहे आणि तिने स्पायडर-मॅन आधी पडद्यावर पाहिला, मग पुस्तकात. खंड परत करताना ती म्हणाली, “मामा, सिनेमातला पीटर मी मोठी झाले की परत लहान होऊन येतो. हा पहिलाच, जो माझ्या पुढे निघून गेला.” तिच्या बोलण्यात तथ्य आहे. २००२, २०१२ आणि २०१६ अशा तीन वेळा तीन नट आले आणि प्रत्येक वेळी पीटर पुन्हा विशीच्या आत जाऊन बसला. तिला नव्वदचे प्रकरण कंटाळवाणे वाटले आणि शेवटचे सर्वांत आवडले. मला ऐंशीचे आवडले. हा फरक वयाचा असावा असे मला वाटते, आणि एकाच खंडात दोन पिढ्यांच्या वाचकांना आपापले प्रकरण सापडते हे त्याचे सामर्थ्य आहे.

आमच्या पिढीला हा प्रश्न अगदीच नवा नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून १९६४ पासून भारतात येऊ लागलेला वेताळ आम्ही मराठीत वाचला. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेल्या या नायकाने वयाचे कोडे मोठ्या चतुराईने सोडवले होते. वेताळ अमर आहे असे जंगल मानते, प्रत्यक्षात बाप मरतो आणि मुलगा तोच मुखवटा चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. पण बारकाईने पाहिले तर हा एकविसावा वेताळही पुढे तिथेच थांबला. त्याचे लग्न १९७७ साली झाले, १९७९ साली जुळी मुले झाली, आणि बाविसावा कधी येणार याची वाट वाचक पाहतच राहिले. परंपरेची युक्ती मागच्या वीस पिढ्यांसाठी वापरली गेली, पुढच्या एका पिढीसाठी मात्र नाही. ब्रिटनमधला जज ड्रेड मात्र १९७७ पासून खरोखरच वाचकांबरोबर म्हातारा होत आला आहे, आणि अमेरिकेत एरिक लार्सन यांनी १९९२ पासून ‘सॅव्हेज ड्रॅगन’ मध्ये नायकाला वाढू देऊन त्याच्या मुलाला पुढे आणले. आपल्याकडचा चिंटू १९९१ पासून त्याच वयाचा राहिला तरी कोणाची तक्रार नाही, कारण त्याच्या रोजच्या चार चौकटींत मरण, युद्ध किंवा अपराधाचे ओझे येत नाही. ज्याच्या गोष्टीत प्रेयसी मरते, मित्र युद्धावर जातो आणि काकांच्या मृत्यूचा सल आयुष्यभर पुरतो, त्याला वय न येऊ देणे ही वाचकाची फसगत आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटच्या प्रकरणाविषयी जपून लिहितो. पीटर इथे बहात्तर वर्षांचा आहे आणि त्याच्या सोबत माइल्स मोरालेस आहे. २०११ साली आलेला हा कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वंशाचा तरुण मुख्य कथांमध्ये पीटरच्या बरोबरीने, स्पायडर-मॅन याच नावाने वावरतो, कारण पीटर जागा सोडत नाही. इथे पीटरला वय आहे, म्हणून जागा सोडण्याचा प्रश्न खराखुरा उभा राहतो, आणि वारसा हा शब्द जाहिरातीपुरता राहत नाही. कथानकाच्या दृष्टीने या प्रकरणात एक जुना शत्रू जरा ओढूनताणून आणलेला आहे, अंतराळातली धावपळही थोडी अधिक झाली आहे. पण मेरी जेन आणि पीटर यांची जी मोजकी पाने आहेत ती या सगळ्या गलबल्यात शांतपणे उभी राहतात, आणि साठच्या दशकात मांडलेला प्रश्न, म्हणजे बळ असलेल्या माणसाने किती आणि कोणासाठी द्यायचे, त्याचे उत्तर पीटर अखेर आपल्या वयाला साजेसे देतो. ययातीला जे हजार वर्षांनी उमगले ते या माणसाला वेळेवर उमगते.

खरेदीविषयी काही व्यावहारिक गोष्टी. खंड इंग्रजीत आहे, मराठी अनुवाद नाही, आणि संवादांत न्यूयॉर्कच्या बोलीचा वापर असल्याने आठवी-नववीच्या मुलांना काही ठिकाणी मदत लागेल. पाने दोनशेच्या आसपास, गुळगुळीत कागद, रंगीत छपाई स्वच्छ. अक्षरे मात्र बारीक आहेत आणि पन्नाशीपुढच्या वाचकाने चांगल्या उजेडात वाचावे. मेनरोड आणि कॉलेज रोडच्या दुकानांत तयार प्रत मिळेलच असे नाही, बहुधा मागवावी लागते. मागवताना सहाही प्रकरणे असलेला एकत्र खंडच मागावा, सुटे अंक जमवण्याच्या फंदात पडू नये. व्हिएतनाम, शीतयुद्ध आणि २००१ नंतरची अमेरिका यांची जुजबी ओळख असलेल्या वाचकाला हा खंड अधिक कळेल. ज्याने स्पायडर-मॅनचा एकही जुना अंक वाचलेला नाही त्याने आधी पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिच्या मृत्यूची १९७३ ची कथा वाचावी, मग याकडे वळावे. दुसऱ्या प्रकरणातला घाव त्याशिवाय पुरता लागत नाही. मुलांसाठी घेणाऱ्या पालकांनी लक्षात ठेवावे की यात मृत्यू आणि युद्ध आहे, घर मोडण्याचेही प्रसंग आहेत. बारा वर्षांखालच्या मुलाला तो एकट्याने देऊ नये. त्याहून मोठ्या मुलांना द्यावा आणि मग त्यांच्याशी त्यावर बोलावे, विशेषतः पहिल्या आणि तिसऱ्या प्रकरणावर.